आयर्विनपासून बामणोलीपर्यंत

जुलै सरत आला की सांगलीत दोन माणसं भेटली तरी पहिला प्रश्न ठरलेला असतो: आयर्विनला किती फूट? 1929 साली बांधलेल्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी मोजतात. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. त्याच्या जोडीला सकाळी मोबाइलवर कोयनेचे आकडे येऊन पडतात. धरणात किती टीएमसी झालं, पायथा वीजगृहातून 2100 क्युसेक सुटलंय का, सहा वक्री दरवाजे किती फुटांनी उचललेत. 2019 च्या ऑगस्टात आयर्विनला पाणी 57 फुटांच्या वर गेलं तेव्हा गावभागातल्या आमच्या घराचा जिना आठ पायऱ्या बुडाला होता. पाणी उतरल्यावर भिंतीवर गाळाची रेघ राहिली. पुढं घर रंगवलं, पण तेवढी रेघ आम्ही तशीच ठेवली आहे.

त्या रेघेकडे बघत सासूबाई एकदा म्हणाल्या, "इतकी वर्षं हे पाणी नळाला येतंय, पेपरात येतंय, घरातसुद्धा येऊन गेलं. ते राहतं कुठं ते एकदा दाखव की मला." त्यांचं वय अडुसष्ट, माहेर कराडचं. सगळा जन्म कृष्णेच्या काठी गेलेला, पण कराडच्या वर नदी कुठून येते हे त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. खरं सांगायचं तर मीही नीट पाहिलेलं नव्हतं. कास पठारावर सप्टेंबरच्या गर्दीत फुलं बघून परत आलेली मी, तलाव मात्र गाडीच्या काचेतूनच बघितलेला.

दिवाळी आटोपल्यावर निघायचं ठरवलं. या सहलीला तोच काळ उत्तम. पाऊस थांबलेला असतो, धरणं काठोकाठ भरलेली असतात, पावसाळ्यात बंद असलेल्या जंगलवाटा उघडलेल्या असतात आणि थंडी अजून बोचरी झालेली नसते. पहाटे साडेपाचला गाडी काढली. पुढं नवरा आणि सासूबाई, मागं मी, दहा वर्षांचा भाचा आणि भडंगाचा डबा.

पेठ नाक्याला महामार्गाला लागेपर्यंत भाच्यानं टीएमसी म्हणजे काय ते विचारून घेतलं. एक हजार दशलक्ष घनफूट, लिटरमध्ये सुमारे 2,830 कोटी. हा आकडा ऐकून कुणाच्याच डोळ्यांपुढे काही येत नाही. क्युसेकवरून गेलं तर सोपं पडतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण 28 लिटर, दोन भरलेल्या घागरी. अशा साडेअकरा हजार क्युसेकनं दिवसभर, रात्रभर पाणी सुटत राहिलं, तर चोवीस तासांत धरणातून एक टीएमसी उतरतं. आणि कोयनेत मावतं 105 टीएमसी. भाचा बराच वेळ बोटांवर घागरी मोजत बसला होता.

साताऱ्यात समर्थ मंदिरावरून यवतेश्वरचा घाट चढायला लागलो. या डोंगराच्या पोटात महादऱ्याचं तळं आहे, साताऱ्याच्या जुन्या पाणीपुरवठ्यातलं. हे शहर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी उंचावर वसलेलं. कृष्णा आणि वेण्णा दोन्ही नद्या जवळ, माहुलीला त्यांचा संगमही आहे, पण तो खाली. नदीचं पाणी चढवून आणायचं तर ताकद हवी, आणि विजेचे पंप नव्हते तेव्हा ती आणायची कुठून? म्हणून साताऱ्यानं पाण्यासाठी मान वर केली. आधी यवतेश्वरकडे, मग आणखी पश्चिमेला, पंचवीसेक किलोमीटरवरच्या कासकडे. इंग्रजी अमदानीत, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, तिथं मातीचा बांध घालून तलाव केला आणि डोंगराच्या कडेकडेनं पाट खोदून पाणी शहरात आणलं. पाटाला उतार इतका बेताचा की पाणी घाई न करता, न थांबता चालत राहावं. पुढं पाटाची जागा जलवाहिनीनं घेतली, पण तत्त्व तेच राहिलं. कासचं पाणी आजही आपल्या वजनानं साताऱ्यात उतरतं. शहराच्या दुसऱ्या योजनांना पाणी उचलावं लागतं आणि वीज गेली की नळ थांबतो. कासला ही अडचण नाही. दीडशे वर्षांपूर्वी दुर्बिणीतून पातळी बघत हा उतार आखणाऱ्या माणसांचं मला फार अप्रूप वाटतं.

कासचा तलाव आता पूर्वीपेक्षा खूप मोठा दिसतो. शहर वाढलं, पाणी पुरेना, म्हणून गेल्या काही वर्षांत धरणाची उंची वाढवली आणि साठा जवळजवळ पाचपट झाला. जुना रस्ता अगदी काठावरून जायचा, तो पाण्याखाली गेला आणि वरून नवा काढावा लागला. आम्ही पोचलो तेव्हा साडेनऊ वाजले होते. वारा पडलेला. पलीकडच्या काठावरची गर्द झाडी पाण्यात जशीच्या तशी उलटी उतरलेली. सासूबाई गाडीतून उतरल्या, दोन मिनिटं काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "किती गप्प आहे गं." ज्या पाण्याला त्यांनी जिन्यावर आवाज करत चढताना ऐकलं होतं, त्याच्याबद्दल त्या बोलत होत्या.

हा तलाव भरतो कसा, हे पठाराकडे पाहिलं म्हणजे कळतं. कासचं पठार म्हणजे जांभ्याचा मोठा पाट. वर मातीचा थर काही ठिकाणी बोटभर, काही ठिकाणी तेवढाही नाही. झाडाला मूळ धरता येत नाही, म्हणून तिथं झाडं नाहीत आणि म्हणूनच पावसाळ्यात बोटभर उंचीची लाखो फुलझाडं उगवतात: गेंद, सीतेची आसवं, तेरडा, सोनकी, आणि सात वर्षांतून एकदा फुलणारी टोपली कारवी. या फुलांमुळे 2012 मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात कासचं नाव गेलं. त्याच वेळी महाराष्ट्रातून कोयना अभयारण्य, चांदोली आणि राधानगरीही त्या यादीत गेले. फुलांविषयी पुष्कळ लिहिलं जातं, मला सांगायचंय ते जांभ्याविषयी. हा दगड भोकाभोकांचा असतो. चार महिने पाऊस पीत राहतो आणि पाऊस गेल्यावर कडेच्या झऱ्यांतून हळूहळू सोडत राहतो. पठारावर गाड्या फिरवल्या, खडी पसरली, बांधकामं केली की फुलं जातात हे लोकांना ठाऊक झालंय. झरेही जातात, हे अजून तितकं ठाऊक नाही.

काठाशी एक गोष्ट मनाला लागली. भाचा चिखलात खडे वेचत होता, त्याच्या हाताला बाटलीचा फुटका तळ लागला. हिरवा, जाड, धारदार. शेजारी दोन-तीन तुकडे आणखी. थोडं वर तीन दगडांची चूल, अर्धी जळालेली लाकडं, मसाल्याची पाकिटं. सासूबाईंनी पदर खोचला आणि तुकडे पिशवीत भरायला सुरुवात केली. त्या साताऱ्याच्या नाहीत, या तलावाचा नळही त्यांच्या घरी येत नाही. तरी त्या भरत राहिल्या. कास ही सहलीची जागा आहे, तशीच ती हजारो घरांच्या माठाची जागा आहे. आपल्या घरच्या माठाशेजारी बसून कुणी हात धुतलेला आपल्याला चालत नाही. इथं पोहायला उतरणं, भांडी विसळणं, गाडी धुणं आपण थांबवलं पाहिजे, आणि कुणाच्या पाटीची वाट न बघता थांबवलं पाहिजे. पोहणाऱ्यांना आणखी एक धोका असतो. मातीच्या तलावाचा काठ वरून सपाट दिसला तरी आत एकदम खोल जातो, गाळात पाय रुततो, आणि असल्या ठिकाणी पोहता येणारी माणसंही गेली आहेत.

कासच्या पुढं गाडी निघाली तेव्हा मला या सगळ्या मुलखाची रचना उमगली. त्यासाठी नकाशा गुडघ्यावर घेऊन बसले होते. कासचं पाणी उरमोडी नदीचं. उरमोडी पूर्वेला उतरते, सज्जनगडाच्या पायथ्याशी परळीजवळ तिच्यावर धरण आहे, आणि पुढं काशीळला ती कृष्णेला मिळते. पण याच डोंगराच्या पश्चिम उतारावर पडलेला थेंब बामणोलीकडे जातो, कोयनेत. म्हणजे एकाच सरीतलं अर्धं पाणी इकडं आणि अर्धं तिकडं. दोघं डोंगराच्या दोन बाजूंनी वेगवेगळे निघतात ते कराडच्या प्रीतिसंगमावर पुन्हा भेटतात, आणि मग एकत्र आमच्या आयर्विनखालून जातात. मी हे मोठ्यानं सांगितलं, तेव्हा सासूबाई मागं वळून म्हणाल्या, "म्हणजे भेटतात माझ्या माहेरी."

बामणोलीचा उतार वळणावळणाचा आहे. एका वळणावर झाडी बाजूला होते आणि खाली शिवसागर दिसतो. कोयना धरणाच्या या जलाशयाची लांबी सुमारे 50 किलोमीटर आहे, आणि एका जागेवरून तो पूर्ण कधीच दिसत नाही. दऱ्यादऱ्यांत हात पसरून बसलेला असतो. कोयनेला सोळशी आणि कांदाटी या नद्या येऊन मिळतात, ते संगमही आता याच पाण्याच्या पोटात आहेत.

काठावर बोटींची रांग, बोट क्लबची खिडकी, आणि वासोट्याला जाणाऱ्या पोरांची झुंबड. वासोट्याला जायचं तर वन खात्याची परवानगी घ्यावी लागते, प्लास्टिकची नोंद होते, आणि उजेड असेपर्यंत परत यावंच लागतं, कारण तो किल्ला कोयना अभयारण्यात, म्हणजे 2010 पासूनच्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. तास-सव्वा तास बोट, मग दीड-दोन तासांची जंगलातली चढण. सकाळी लवकर पोचलात तरच जमतं. शिवरायांनी 1660 मध्ये घेतलेला, व्याघ्रगड नाव दिलेला, पुढं कैदी ठेवायला वापरलेला आणि 1818 मध्ये इंग्रजांनी तोफा डागून घेतलेला हा किल्ला. गुडघे साथ देत असतील तर जरूर जावं. आमच्याबरोबर सासूबाई होत्या, म्हणून आम्ही संगमापर्यंतचीच फेरी घेतली.

बोटवाल्या काकांनी आधी सगळ्यांना जॅकेटं घालायला लावली. शेजारच्या बोटीतली पोरं फोटो नीट येत नाही म्हणून ती काढून बसली होती. सासूबाईंनी त्यांना हाक मारून घालायला लावली, आणि आवाज असा चढवला की कुणी उलट बोललं नाही. 2019 च्या महापुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसं बाहेर काढणारी नाव उलटली आणि बायकापोरं गेली. सांगली जिल्ह्यातलं माणूस नावेत बसताना ते विसरू शकत नाही. जॅकेटाचे पट्टे छातीशी घट्ट बांधलेले हवेत, नुसतं अंगावर टाकून उपयोग नाही. दुपारनंतर दरीतून वारा सुटतो आणि पाणी हलायला लागतं, म्हणून फेरी सकाळीच घ्यावी.

बोट मधोमध आली तशी काकांनी इंजिन बारीक केलं आणि बोटानं खाली दाखवलं. "आमचं जुनं गाव हितं हाय, आजी. ह्याच्या खाली." त्यांनी स्वतः ते पाहिलेलं नव्हतं, त्यांच्या वडिलांनी सोडलं होतं. 1950 आणि 60 च्या दशकांत धरण बांधलं जात असताना या खोऱ्यातली शंभराच्या आसपास गावं उठली. कुणी वर सरकून डोंगरावर राहिलं, कुणी सोलापूर, सांगली, ठाणे, रायगडकडे गेलं. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात 1976 मध्ये आला. देशात असा कायदा करणारं हे पहिलं राज्य, पण कोयनेच्या माणसांच्या पदरात तो पडेपर्यंत पाणी केव्हाच चढलं होतं. जी इथं राहिली, त्यांच्या गावांना रस्त्याऐवजी लाँच आली. पलीकडच्या काठावर शाळा, दवाखाना, बाजार यांसाठी ती लाँचच आधार. तापोळ्याला तराफ्यावरून जीपगाड्या पलीकडे जातात, त्याचे फोटो आपण हौसेनं काढतो. तो फोटो काढताना तराफ्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात औषधाची चिठ्ठी असू शकते, एवढं मनात असू द्यावं.

उन्हाळ्यात पाणी उतरतं, तेव्हा जुन्या घरांचे चौथरे उघडे पडतात, काका सांगत होते. काठाला आताच एक तांबडा पट्टा दिसायला लागला होता. पाणी जिथं भरलं होतं तिथवर गवत नाही, मुळं उघडी पडलेली, माती खरवडल्यासारखी, आणि त्यावर पायऱ्यांसारख्या बारीक बारीक रेघा. रोज पाणी थोडं उतरतं आणि रोज एक रेघ सोडून जातं. सासूबाई त्या रेघांकडे टक लावून बघत होत्या. आमच्या जिन्यावरच्या रेघेचीच ती भावंडं.

मग त्यांना 1967 आठवलं. 11 डिसेंबरची पहाट, सव्वाचारचा सुमार. त्या दहा-अकरा वर्षांच्या होत्या. कराडच्या घरात फडताळातली भांडी खणाखणा पडली, वडिलांनी पोरांना उचलून अंगणात आणलं आणि सगळी आळी थंडीत उजाडेपर्यंत बाहेर बसून होती. कोयनेच्या त्या भूकंपाची तीव्रता सहाच्या वर होती. कोयनानगर उद्ध्वस्त झालं, दीडशेहून अधिक माणसं गेली, धरणाच्या भिंतीला तडे गेले. पुढं भिंत बळकट केली. मोठ्या जलाशयाच्या पाण्यामुळे जमिनीखालच्या भेगा जाग्या होऊ शकतात का, हा प्रश्न जगभरच्या भूशास्त्रज्ञांनी कोयनेकडे बोट दाखवून अभ्यासला, आजही अभ्यासतात. मला हे पुस्तकात वाचून माहीत होतं. त्याच पाण्यावर तरंगत, जिनं ते सोसलंय तिच्या तोंडून ऐकताना माझ्या अंगावर काटा आला.

"आणि एवढं सगळं पाणी आपल्याकडे येतं?" त्यांनी विचारलं. येत नाही. कोयनेचं पाणी मुख्यतः पश्चिमेला जातं. डोंगरातून बोगदे काढून ते पोफळीकडे साडेचारशे मीटरहून जास्त खाली सोडतात, त्यावर वीज होते, आणि मग वाशिष्ठीतून ते अरबी समुद्राला मिळतं. चार टप्पे मिळून वीजनिर्मितीची क्षमता सुमारे 1,960 मेगावॉट. 1999 मध्ये आणि 2012 मध्ये जलाशयाच्या तळाला आतून भोक पाडून पाणी घेतलं, ती लेक टॅपिंगची करामत अनेकांना आठवत असेल. पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला कृष्णा पाणी लवादानं वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घातली आहे. पूर्वेकडे जे सोडतात त्यावर आमची नदी, आमचे नळ आणि टेंभू, ताकारी, म्हैसाळच्या उपसा योजना चालतात. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आटपाडी-जतकडे त्याचा दहावा हिस्साही धड नाही. ढगांनी न दिलेलं पाणी तिथल्या डाळिंबांना आणि द्राक्षांना या जलाशयातून मिळतं. एप्रिल-मेमध्ये 'कोयनेतून पाणी सोडा' अशी मागणी सांगलीकर करतात आणि ऑगस्टात 'सोडू नका' म्हणतात. दोन्ही वेळा आम्ही खरेच असतो. धरणावर बसून दरवाजा किती उचलायचा हे ठरवणाऱ्या अभियंत्याची अडचणही खरी असते, कारण ऑगस्टात धरण रिकामं ठेवलं आणि सप्टेंबरात पाऊस आला नाही, तर तो मेमध्ये पाणी आणणार कुठून?

दुपारी काठावरच्या एका घरगुती खानावळीत जेवलो. नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा, आणि खाणाऱ्यांना तळलेले मासे. बाईंनी आधी माणसं मोजली आणि मगच पीठ मळायला घेतलं, म्हणून थोडं थांबावं लागलं, पण भाकरी तव्यावरून थेट ताटात आली.

वेळ कमी असेल तर याच जिल्ह्यांत सोप्या जागाही आहेत. महाबळेश्वरचा वेण्णा तलाव सातारच्या आप्पासाहेब महाराजांनी 1842 मध्ये बांधला, तोही गावाच्या पाण्यासाठीच. नौका, घोडे आणि कणसं मागाहून आली. वाईजवळचं धोम, मेढ्याच्या वाटेवरचं कण्हेर ही धरणं अर्ध्या दिवसात बघून होतात. उरमोडीचा जलाशय सज्जनगडावरून बघावा, तितका सुंदर तो काठावरून दिसत नाही. सांगलीकडून वारणेचं चांदोली जवळ पडतं, शिराळ्यावरून. आणि माण-आटपाडीच्या सीमेवर माणगंगेचा राजेवाडी तलाव आहे, इंग्रजांच्या काळातला. पाऊस नसलेल्या मुलखातलं ते पाणी बघायला मला एकदा मुद्दाम जायचंय.

परतताना कराडला गाडी आत घेतली. सासूबाईंनीच सांगितलं. प्रीतिसंगमावर पोचेपर्यंत अंधार पडायला आला होता. यशवंतराव चव्हाणांच्या समाधीजवळच्या बागेत पोरं खेळत होती, घाटावर दोन-चार माणसं बसलेली. इथं कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात आणि मग दोघी मिळून एकाच वाटेनं वळतात. सासूबाई पायऱ्या उतरून शेवटच्या पायरीवर बसल्या. भाच्याला जवळ घेऊन त्यांनी हातानं दाखवलं, "ते तिकडून आलं ते सकाळचं, कासचं. हे इकडून आलं ते दुपारचं, काकांच्या गावावरचं."

"आणि आपल्याकडे कुठलं येतं?" त्यानं विचारलं.

"दोन्ही," त्या म्हणाल्या. पाण्यात हात बुडवून डोळ्यांना लावला आणि माझ्या खांद्याचा आधार घेत उठल्या. "चला आता. ते पोचायच्या आत आपण घरी पोचू."